सुब्बारावांची सोनेरी ठेव

नागपूर जिल्ह्यात २०१९ साली हत्तीपायाच्या निर्मूलनासाठी एकाच वेळी तीन औषधे देण्याची मोहीम हाती घेण्यात आली. त्या तीन औषधांपैकी एक होते डायइथिलकार्बामाझीन. सामान्य माणूस तिला डीईसीची गोळी म्हणून ओळखतो. त्याच्या आदल्या वर्षी, २०१८ च्या पावसाळ्यात, नागपूर व आसपासच्या भागांत स्क्रब टायफस या तापाने अनेकांना गाठले आणि काहींचा बळीही घेतला. त्या तापावर जे औषध वेळीच दिले असता रुग्ण हमखास सावरतो ते डॉक्सिसायक्लिन होय. ही दोन औषधे एकमेकांशी कोणत्याही नात्याने बांधलेली दिसत नाहीत. त्यांच्या जोडीला तिसरी एक नित्याची गोष्ट ठेवावी. मनीषनगरातील घराघरांत पहाटे दूध येते. कोठे पिशवीतून येते, तर कोठे शहराच्या कडेच्या गोठ्यातून गवळ्याच्या मापाने येते. त्या दुधामागे एक जनावर उभे असते. ते आजारी पडले असता त्याला टोचल्या जाणाऱ्या औषधांत टेट्रासायक्लिनच्या कुळातील औषध असण्याचा संभव मोठा असतो.

हत्तीपायाची गोळी, तापावरील डॉक्सिसायक्लिन आणि गोठ्यातील टेट्रासायक्लिन या तिन्हींचा उगम शोधीत गेल्यास वाट अमेरिकेतील पर्ल रिव्हर नावाच्या गावातील एकाच प्रयोगशाळेपाशी पोचते. त्या प्रयोगशाळेचा सूत्रधार एक भारतीय होता. त्याचे नाव डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. पाठ्यपुस्तकांतून हे नाव एखाद्या ओळीत येते आणि विसरले जाते. परंतु आज माणसांच्या आणि दुभत्या जनावरांच्या आतड्यांतील जंतू औषधांना जुमानीनासे झाले असताना या माणसाचे चरित्र पुन्हा उघडून पाहणे अगत्याचे आहे. त्याने मिळविलेली ठेव कोणत्या मोलाची होती आणि ती कशी खर्ची पडत आहे, हे त्यावाचून कळणार नाही.

आतड्याच्या रोगाने दिलेला घाव

सुब्बारावांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आजच्या आंध्र प्रदेशातील भीमवरम येथे झाला. सात भावंडांचे घर, वडिलांची ढासळलेली प्रकृती आणि ओढगस्त यांत बालपण गेले. शाळेत त्यांचे मन रमत नसे. तेराव्या वर्षी काशीला पळून जाऊन यात्रेकरूंना केळी विकून पैसा मिळवावा, असा बेत त्यांनी आखला होता. आईने तो हाणून पाडला. मॅट्रिकची परीक्षा तिसऱ्या प्रयत्नात पार पडली. पुढे रामकृष्ण मिशनकडे ओढ लागून संन्यास घेण्याचा विचार बळावला, तेव्हाही आईच आड आली. अखेर ते मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. शिक्षणाचा भार सासऱ्यांनी उचलला.

असहकाराचे वारे वाहत होते. सुब्बाराव खादी वापरू लागले आणि शस्त्रक्रियेच्या वर्गातही खादीचाच अंगरखा घालून उभे राहिले. शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. परिणाम असा झाला, की लेखी परीक्षांत चांगले यश मिळवूनही त्यांना पूर्ण पदवीऐवजी एलएमएस या दुय्यम प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले. या प्रमाणपत्रामुळे सरकारी वैद्यकीय सेवेचा मार्ग खुंटला आणि ते मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले.

त्यांच्या आयुष्याला खरे वळण लावले ते मात्र घरातील मृत्यूंनी. त्यांचे दोन भाऊ अवघ्या आठवड्याभराच्या अंतराने स्प्रू या रोगाने गेले. हा आतड्याचा विकार उष्ण प्रदेशांत होत असे. रोग्याला जुलाब लागत, खाल्लेले अन्न अंगी लागेना, रक्त पातळ होई आणि माणूस झिजत जाई. या रोगाचे कारण त्या काळी कोणासही सांगता येत नव्हते. खुद्द सुब्बारावांनाही याच रोगाने ग्रासले होते. डॉ. आचंट लक्ष्मीपती या वैद्यांच्या औषधोपचाराने ते वाचले. ज्या विकारापुढे आपली विद्या हतबल ठरली, त्याचे मूळ शोधावे, या ध्यासाने त्यांनी परदेशी जाण्याचे ठरविले. आतड्यात काय घडते, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याच्या प्रारंभीच असा उभा राहिला.

बोस्टन ते पर्ल रिव्हर

सासऱ्यांची मदत आणि काकीनाडा येथील एका धर्मादाय निधीचे साहाय्य यांच्या बळावर १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये सुब्बाराव बोस्टनला पोचले. हार्वर्ड विद्यापीठाच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या शाळेत त्यांना प्रवेश होता. पोट भरण्याची सोय नव्हती. डॉक्टर म्हणून काम मिळण्याइतके त्यांचे प्रमाणपत्र तेथे मानले जात नव्हते. त्यांनी एका रुग्णालयात रात्रपाळीचा हमाल म्हणून काम धरले आणि रोग्यांची भांडी धुतली. त्यांनी कधी न पाहिलेला त्यांचा मुलगा मायदेशी तान्हेपणीच वारला.

पदविका मिळाल्यावर ते सायरस फिस्क यांच्या हाताखाली जीवरसायनाच्या संशोधनात शिरले. रक्तातील व मूत्रातील फॉस्फरसचे प्रमाण मोजण्याची जी पद्धत या दोघांनी १९२५ साली प्रसिद्ध केली, ती फिस्क-सुब्बाराव पद्धती म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाली. जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या तिच्यावर घडल्या. पाठोपाठ फॉस्फोक्रिएटीन आणि १९२९ साली एटीपी हे स्नायूंच्या शक्तीशी संबंधित पदार्थ त्यांनी वेगळे करून दाखविले. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. इतके होऊनही हार्वर्डमध्ये त्यांना कायमची जागा मिळाली नाही. १९४० साली ते लेडर्ले या औषधी कंपनीत पर्ल रिव्हर येथे गेले आणि तेथील संशोधनाची सूत्रे त्यांच्या हाती आली.

पुढील आठ वर्षांत त्या प्रयोगशाळेतून जे बाहेर पडले त्याला तोड नाही. पहिली गोष्ट फॉलिक आम्लाची. या कथेचा एक धागा मुंबईत आहे. ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्कातील एखादा अज्ञात घटक हा रोग बरा करतो, असे त्यांनी १९३१ साली दाखवून दिले. परळ-लालबागच्या वस्तीतील कामकरी स्त्रियांसारख्या रुग्णांनी ज्याचे अस्तित्व जगाला दाखविले, ते द्रव्य रासायनिक रीतीने तयार करण्याचे काम सुब्बारावांच्या चमूने १९४५ साली पूर्ण केले. त्याच फॉलिक आम्लाच्या रचनेत फेरफार करून केलेल्या द्रव्यांनी बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावर काही काळ का होईना ताबा मिळविता येतो, हे १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी सिद्ध केले. आज संधिवातावर आणि कर्करोगावर दिले जाणारे मेथोट्रेक्सेट याच घराण्यातील होय. हत्तीपायाच्या जंतांवरील डीईसी १९४७ साली याच प्रयोगशाळेने पुढे आणले.

मातीतील सोनेरी जीव

तथापि या लेखाच्या विषयाशी निगडित असलेला शोध निराळा आहे. पेनिसिलिन १९४० च्या दशकात रणभूमीवर गाजले. परंतु अनेक रोगजंतूंवर, विशेषतः आतड्यातील पुष्कळशा जंतूंवर, त्याची मात्रा चालत नसे आणि तत्कालीन पेनिसिलिन मुख्यतः टोचूनच द्यावे लागे. अनेक प्रकारच्या जंतूंना आवरणारे आणि तोंडावाटे घेता येणारे औषध हवे होते. सुब्बारावांनी बेंजामिन दुग्गर या वनस्पतिशास्त्रज्ञाला १९४४ साली हाताशी घेतले. दुग्गर सत्तरी ओलांडलेले आणि विद्यापीठातून निवृत्त झालेले होते. त्यांनी ठिकठिकाणच्या मातीचे नमुने तपासले. मिसुरी विद्यापीठाच्या एका जुन्या प्रयोगशेतातील मातीत त्यांना सोनेरी रंग सोडणारा बुरशीसारखा सूक्ष्मजीव सापडला. त्यापासून मिळालेल्या औषधाला सोन्यावरून ऑरिओमायसिन हे नाव देण्यात आले. टेट्रासायक्लिन कुळातील हे पहिले औषध होय.

१९४८ च्या जुलैत या औषधाची घोषणा झाली. शोधनिबंधावर नाव दुग्गर यांचे होते. सहकाऱ्यांच्या नावे श्रेय जाऊ देणे हा सुब्बारावांचा स्वभाव होता. त्यानंतर महिनाभराच्या आत, ९ ऑगस्ट १९४८ रोजी, ते झोपेतच हृदयविकाराने मरण पावले. वय अवघे त्रेपन्न वर्षांचे होते. गेल्या पंचवीस वर्षांत ते एकदाही भारतात परतले नव्हते. अमेरिकेचे नागरिकत्वही त्यांनी घेतले नव्हते.

या औषधाच्या कुळाने पुढे केलेली कामगिरी महाराष्ट्राने स्वतः अनुभविलेली आहे. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी ग्रंथिक सन्निपाताचे रुग्ण आढळले, पाठोपाठ सुरतेत प्लेगचा हाहाकार उडाला, तेव्हा लोकांच्या हाती पडलेली मुख्य ढाल टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूलांची होती. पटकीच्या रुग्णांचा आजार आखूड करण्यास हेच औषध वापरले गेले. आणि ज्या स्प्रूने सुब्बारावांचे दोन भाऊ नेले, त्या रोगावर पुढे फॉलिक आम्ल व टेट्रासायक्लिन ही जोडीच रूढ उपचार ठरली. भावांच्या मृत्यूने घराबाहेर काढलेल्या माणसाने त्या रोगाचे उत्तर एकाच प्रयोगशाळेत दोन बाजूंनी तयार केले. मात्र त्या उत्तराचा पूर्ण उपयोग झालेला पाहण्यास तो उरला नाही.

औषध खाद्यात मिसळले

सुब्बारावांच्या निधनाला काही महिनेच झाले होते, तोच त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका प्रयोगात एक अनपेक्षित गोष्ट निघाली. टॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे कोंबड्यांच्या पिलांच्या पोषणावर काम करीत होते. ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर उरणारा चोथा स्वस्त होता. त्यात जीवनसत्त्व असावे, या अपेक्षेने तो पिलांना चारण्यात आला. १९४८ च्या डिसेंबरात पिलांची वजने केली, तेव्हा चोथा खाणारी पिले सर्वांत वेगाने वाढलेली दिसली. चोथ्यात उरलेला औषधाचा अल्पसा अंश हे त्या वाढीचे कारण निघाले. १९५० च्या एप्रिलमध्ये ही वार्ता जाहीर होताच पशुखाद्याच्या धंद्यात खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पशुवैद्याच्या चिठ्ठीवाचून खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास मुभा मिळाली. माणसाचे प्राण वाचविण्यासाठी मातीतून वर्षानुवर्षांच्या श्रमाने वेचून काढलेले द्रव्य गोणीतून, टनांच्या हिशेबाने विकले जाऊ लागले.

या प्रसंगाचा दोष सुब्बारावांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ज्यूक्स यांनीही जगाला स्वस्त अन्न मिळावे, याच हेतूने काम केले होते. चूक झाली ती एका समजुतीत. औषधाची मोठी मात्रा जंतूला मारते, तर छोटी मात्रा निरुपद्रवी असेल, असे मानण्यात आले. वस्तुस्थिती नेमकी याच्या उलट होती.

आतड्यातील देवघेव

जनावराच्या आतड्यात अब्जावधी जंतू वसतीला असतात. १८८५ साली जर्मन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एश्चेरिश यांनी वर्णिलेला आणि आज ई. कोलाय या नावाने ओळखला जाणारा जंतू त्यांपैकीच एक. त्याचे बहुतेक वाण गरीब व निरुपद्रवी असतात. औषधाची अपुरी मात्रा त्यांच्यात पडली, की जे दुबळे ते मरतात आणि ज्यांच्यापाशी बचावाचे साधन आहे ते उरतात. टेट्रासायक्लिनच्या बाबतीत हे साधन बहुधा एका पंपाचे असते. जंतूच्या आवरणात बसलेले हे प्रथिन आत शिरलेले औषध पुन्हा बाहेर फेकते. रोज थोडेथोडे औषध देणे म्हणजे असे पंपवाले जंतू निवडून त्यांचे बियाणे जोपासणे होय.

हे साधन वारशाने केवळ संततीकडे गेले असते, तर धोका मर्यादित राहिला असता. परंतु १९५० च्या दशकात जपानमध्ये हगवणीचे जंतू एकाच वेळी अनेक औषधांना दाद देईनासे झाले, तेव्हा तेथील शास्त्रज्ञांना १९५९ साली एक विलक्षण गोष्ट आढळली. आतड्यातील साधा जंतू आपले बचावाचे साधन हगवणीच्या जंतूला देऊ शकतो. ही सामग्री प्लास्मिड नावाच्या लहानशा वर्तुळाकार जनुकपट्टीवर असते आणि जंतू शेजाऱ्याला तिची नक्कल देतो. शेजारी आपल्या जातीचा असलाच पाहिजे, असेही नाही. एकाच पट्टीवर चार-पाच औषधांविरुद्धची साधने ओळीने बसलेली असू शकतात. त्यामुळे गोठ्यात दिलेले एक औषध दवाखान्यातील दुसऱ्याच औषधाचा पराभव घडवून आणू शकते.

प्रतिरोध आणि रोगकारकता या दोन गोष्टी एक नव्हेत, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे. औषधाला न जुमानणारा जंतू आपसूक रोगकारक ठरत नाही. रोगकारक ठरण्यास त्याच्यापाशी आतड्याला चिकटण्याची, विष तयार करण्याची वा रक्तात शिरण्याची सामग्री लागते. परंतु यांपैकी काही सामग्रीही अशाच फिरत्या पट्ट्यांवर वास करते. दोन्ही सामग्री एकाच जंतूत एकवटली, म्हणजे संकट उभे राहते. ई. कोलायचा ओ-१५७ हा वाण १९८२ साली अमेरिकेत अर्धकच्च्या गोमांसाच्या खाद्यपदार्थांतून माणसांत रक्ताळ जुलाबांची साथ पसरवून गेला, तेव्हा तो प्रथम रोगकारक म्हणून ओळखला गेला. त्याचे विष मुलांची मूत्रपिंडे निकामी करू शकते. या वाणाचा मुख्य आश्रय गाईगुरांचे आतडे हाच आहे, आणि ती गाय मात्र धडधाकट असते. तिच्या आतड्यात त्या विषाला बसण्याची जागाच नसल्याने तिला काही होत नाही. म्हणून गोठ्यातील माणसाला धोक्याची सूचना देणारे कोणतेही लक्षण समोर येत नाही.

गोठ्यातून घरात वाट कशी फुटते, याचे पुरावे जुने आहेत. १९६० च्या दशकाच्या मध्यास ब्रिटनमध्ये वासरांच्या व्यापारात अनेक औषधांना न जुमानणारा साल्मोनेला पसरला आणि माणसांनाही त्याने आजारी पाडले. एफ्राइम अँडरसन यांनी त्याचा माग काढला. त्यातूनच १९६९ चा स्वान समितीचा अहवाल आला आणि माणसांच्या उपचारात लागणारी औषधे वाढीसाठी जनावरांना चारू नयेत, अशी शिफारस झाली. १९७६ साली स्टुअर्ट लेव्ही यांनी अमेरिकेतील एका शेतावर कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन मिसळून पाहिले. आठवडाभरात कोंबड्यांच्या आतड्यांतील जंतू प्रतिरोधी झाले आणि काही महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या आतड्यांतही तसेच जंतू दिसू लागले. त्या माणसांनी औषधाची एकही गोळी घेतलेली नव्हती. स्वीडनने १९८६ साली वाढीसाठी प्रतिजैविके देणे बंद केले, युरोपीय संघाने २००६ साली आणि अमेरिकेने महत्त्वाच्या औषधांपुरते २०१७ साली. पहिल्या इशाऱ्यानंतर इतका काळ दवडला गेला.

गवळ्याला दोष देऊन भागणार नाही

दुभत्या जनावरांचा प्रश्न कोंबड्यांहून थोडा वेगळा आहे. प्रौढ गाई-म्हशींचे चाऱ्याचे पचन कोठीपोटातील जंतूंवरच अवलंबून असल्याने तोंडावाटे प्रतिजैविक देणे त्यांना मानवत नाही. त्यांना औषध मिळते ते इंजेक्शनाने, गर्भाशयाच्या विकारात आणि मुख्यतः कासदाहात. गोठ्यातले लोक त्याला दगडी म्हणतात. अशा जनावराचे दूध ठरावीक काळ विकावयाचे नसते. परंतु दोन-तीन जनावरांवर संसार चालविणाऱ्या माणसाने काही दिवसांचे दूध ओतून द्यावे, असे सांगणे सोपे आणि पाळणे कठीण आहे. ते दूध एकतर कॅनमध्ये जाते, नाहीतर वासराला पाजले जाते. वासराला पाजणे निर्दोष वाटते. प्रत्यक्षात कोवळ्या आतड्यात औषधाची अपुरी मात्रा रोज पोचविण्याचा तो एक मार्गच ठरतो. उरलेले शेण खतातून शेतात, भाजीपाल्यात आणि पावसाबरोबर नाल्यात उतरते.

दूध उकळून पिण्याची या देशातील रीत मोठी उपकारक आहे. उकळण्याने जंतू मरतात. मात्र दुधात उतरलेले औषध त्याने पूर्णपणे नाहीसे होत नाही. विरजण लावूनही दही नीट न लागण्याचे एक कारण, अनेक कारणांपैकी एक, दुधातील औषधाचा अंश हे असू शकते; दह्याचे जंतूही अखेर जंतूच. शिवाय दूध उकळले तरी शेणाने माखलेले हात, अंगण, पाणी आणि कच्ची कोशिंबीर या वाटा मोकळ्याच राहतात.

उपाय माहीत नाहीत, अशी स्थिती नाही. इच्छा असली म्हणजे कायदा होतो, हे या देशाने दोनदा दाखविले आहे. गिधाडांचा संहार थांबविण्यासाठी २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. २०१५ साली चीनमध्ये कोलिस्टिनविरुद्धचे फिरते जनुक सापडल्यानंतर भारताने जुलै २०१९ मध्ये खाद्योपयोगी जनावरांत कोलिस्टिनचा वापर बंद केला. इतर सर्व औषधे हरल्यावर वापरावयाचे ते शेवटचे हत्यार होते. प्रतिरोधाविरुद्धचा राष्ट्रीय कृती आराखडाही २०१७ साली तयार झाला. कागदावरून गोठ्यापर्यंतचे अंतर मात्र कापावयाचे राहिले आहे.

ते कापावयाचे तर भार एकट्या गवळ्यावर टाकून चालणार नाही. चिठ्ठीवाचून औषधांच्या दुकानात जनावरांची प्रतिजैविके मिळू नयेत, ही पहिली अट. पण चिठ्ठी देणारा पशुवैद्य हाकेच्या अंतरावर असला तरच ती न्याय्य ठरते. दूध संकलन केंद्रावर स्निग्धांशाबरोबर औषधाच्या अंशाचीही तपासणी व्हावी. उपचाराखालील जनावराचे दूध बाजूला ठेवणाऱ्या मालकाची नुकसानी दूध संघांनी व सरकारने वाटून घ्यावी. अन्यथा प्रामाणिकपणाचा दंड प्रामाणिक माणसानेच भरावा, असा प्रकार होईल. धार काढण्यापूर्वी व नंतर कासेची स्वच्छता, कोरडा गोठा आणि नीट कुजविलेले शेणखत या साध्या गोष्टींनी औषधाची गरजच घटते. नागपुरात १९५८ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, २००० साली स्थापन झालेले पशुविज्ञान विद्यापीठ आहे आणि माणसांसाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. गोठ्यातील व रुग्णालयातील जंतूंची नोंद एकाच वहीत घेण्यास याहून सोयीचे शहर शोधून सापडणार नाही. आणि नागरिकांपुरते बोलावयाचे, तर सर्दी-खोकल्याला दुकानातून प्रतिजैविक आणणाऱ्या पांढरपेशा ग्राहकाला गवळ्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार उरत नाही.

सुब्बारावांच्या मागे इस्टेट राहिली नाही. नोबेल पारितोषिकाने त्यांना कधी शोधले नाही. १९५३ साली एका बुरशीला त्यांचे नाव देण्यात आले आणि जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९५ मध्ये, भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. ही दोन स्मारके आहेत तेवढी पुरेत. त्यांनी खरोखर मागे ठेवली ती एक ठेव, आणि ती सर्वांच्या सामाईक खात्यावर आहे. बँकेतील ठेव मोडली तर ज्याची त्याची मोडते. येथे मात्र एका गोठ्यातील वा एका घरातील उधळपट्टी सर्वांच्या खात्यातून वजा होते. पुढच्या एखाद्या पावसाळ्यात तापाने फणफणलेले मूल जेव्हा नागपूरच्या रुग्णालयात दाखल होईल, तेव्हा डॉक्टरांच्या हातातील औषध लागू पडावे, एवढीच या ठेवीकडून अपेक्षा आहे. ती पुरी होणे न होणे आजच्या गोठ्यांवर, दुकानांवर आणि सरकारी कचेऱ्यांवर अवलंबून आहे.